९४ पोरांची शाळा, रिकामी खुर्ची: मुख्याध्यापकाचा चार्ज कुणालाच का नको?

नदीकाठचा_अध्यक्ष (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते पाचवी, पट ९४, शिक्षक चार. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. निवडून आलो म्हणायला लाज वाटते. डेअरीत दूध घालून पालकसभेला पोचेपर्यंत माझं नाव ठरावात लिहून झालं होतं.

तर आमचे मुख्याध्यापक सर ३१ मेला रिटायर होताहेत. पुढं कोण, असं विचारलं की उरलेले तिघं छताकडं बघतात. सगळ्यात सीनियर सरांची दोनच वर्षं राहिलीत, बीपी आहे, "शेवटी शेवटी हे लचांड नको" म्हणतात. मॅडम रोज कोल्हापुरातून गाडीवरून येतात, घरी दोन लहान पोरं. तिसरा नवीन पोरगा, शिक्षणसेवक. हौस आहे, पण अनुभव सहा महिन्यांचा.

आमच्या गावात दूध संस्थेच्या चेअरमनपदावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आणि शाळेची खुर्ची फुकट वाटली तरी घ्यायला माणूस नाही. हे पद एवढं नकोसं का झालंय? आणि समिती म्हणून आम्ही काय करावं? जाणकारांनी सांगावं.

रंकाळ्यावरचा_वारा

३१ मेला रिटायर म्हणजे सरांचा वाढदिवस १ जून. आमच्या वर्गात ४२ पैकी २३ जणांचा होता. पूर्वीच्या मुख्याध्यापकांना नावं ठेवू नका राव, एका सहीत अख्ख्या गावाची रिटायरमेंट ठरवून टाकायचे.

झणझणीत

भेळ घेऊन बसलोय. चालू द्या.

डोंगरातली_बाई

शाहूवाडीत दोन शिक्षकी शाळेत तीन वर्षं चार्ज माझ्याकडे होता, म्हणून लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाका. तुमच्या शाळेत मुख्याध्यापकाचं पद मंजूरच नसणार. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्याखाली जो असतो तो प्रभारी. म्हणजे स्वतःचा वर्ग सुटत नाही आणि वर अख्खी शाळा डोक्यावर. खुर्ची रिकामी आहे म्हणताय, पण ती खुर्ची शासनाच्या कागदावर नाहीच.

माझा एक दिवस सांगते. परिपाठ चालू आहे, पोरं 'इतनी शक्ती' म्हणताहेत आणि ग्रुपवर मेसेज: "अति तात्काळ. सोबतच्या विहित नमुन्यात माहिती दुपारी २ पर्यंत. नसल्यास निरंक कळवावे." आमच्या शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. पहिलीला गिरवायला दिलं आणि गेले टाकीजवळ. लिंक उघडेना. उघडली तर भरलेलं सेव्ह होईना. वीस-पंचवीस मिनिटांनी परत आले तर दुसरीतली एक चिमुरडी माझी पट्टी घेऊन पहिलीला शिकवत होती. कंबरेवर हात, आणि हुबेहूब माझ्या आवाजात ओरडत होती, "किती वेळा सांगायचं गं तुला!" मी दाराबाहेरच उभी राहिले. पोरीनं माझ्यातलं नेमकं काय उचललं ते बघून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग पोषण आहार. पाचवीपर्यंत पोरामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. रोज किती पोरं जेवली ते ॲपवर टाकायचं, रजिस्टरला लिहायचं, आणि वर्षाखेरीला पोत्यातला तांदूळ आणि वहीतला तांदूळ जुळला पाहिजे. घुशीला वही वाचता येत नाही.

मग यूडायस (शाळेची ऑनलाइन माहिती), आधार, अपार (पोराचा विद्यार्थी ओळख क्रमांक). आधारवर 'संस्कृति', शाळेच्या प्रवेशनोंदीच्या जनरल रजिस्टरला 'संस्कृती', आईच्या तोंडी 'सोनी'. तोवर पोरगी आधार-वैध नाही, आणि संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, वैध आकड्यावर. म्हणजे एका वेलांटीवर शिक्षकाचं पद हलतं.

एवढं करून चुकलं तर कारणे दाखवा नोटीस प्रभारीच्या नावानं. मिळतं काय? दाखल्यावर सही करायला मिळते. कुणाला हवंय हे?

खडू_डस्टर

बाई, एक नंबर. 'घुशीला वही वाचता येत नाही' ऑफिसात लावतो.

पुण्यातला_कोल्हापूरकर

मी आयटीत टीम लीड आहे. बाहेरून बघताना हा सरळसरळ डेलिगेशनचा प्रश्न वाटतो. एकाच माणसावर सगळं टाकलं की असंच होणार. कामं वाटून द्या, एक साधा डॅशबोर्ड करा, आठवड्याला अर्धा तास रिव्ह्यू घ्या. लीडरनं सगळं स्वतः करायचं नसतं, लोकांकडून करून घ्यायचं असतं.

डोंगरातली_बाई

@पुण्यातला_कोल्हापूरकर, दोन शिक्षकी शाळा आहे हो. डेलिगेट ज्यांना करायचं ते सर बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन वाडीवर गेलेत. रिव्ह्यू कुणाचा घेऊ, घुशीचा?

झणझणीत

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाईंनी लिहिलेलं सगळं खरं आहे. माझी ३४ वर्षं नोकरी झाली, पैकी नऊ वर्षं केंद्रप्रमुख. तरीही थोडं वेगळं सांगतो, राग मानू नये.

माझ्या केंद्रात अकरा शाळा होत्या. परिपत्रकं अकराही शाळांना तीच, लिंका त्याच, मुदत तीच. त्यातल्या तीन-चार शाळा उत्तम चालायच्या, चार-पाच बऱ्या, बाकीच्या देवाच्या भरवशावर. कागदांमुळं शाळा बुडत असती तर अकराही बुडायला हव्या होत्या.

मी शाळेत गेलो की आधी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागायचो. काही ठिकाणी किल्ली खुंटीला असायची आणि कोणतंही पोरगं जाऊन कपाट उघडायचं. काही ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली घरी. एका ठिकाणी कपाट उघडलं तर पुस्तकांवरचे दोरे तसेच! कारण विचारलं, तर "पुस्तकं फाटली तर वसुली कुणाकडून?" माणूस प्रामाणिक होता, एका पैशाचा घोळ नाही. पण पुस्तकं सांभाळायला ठेवलेला राखणदार झाला होता तो.

चांगले मुख्याध्यापक एवढंच करायचे, की कोणता कागद वेळेत द्यायचा आणि कोणत्याला उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही, हे त्यांना कळायचं. आमच्या केंद्रातल्या एक बाई मला तोंडावर सांगायच्या, "सर, माहिती चारनंतर मिळेल, आत्ता माझा गणिताचा तास आहे." पहिल्यांदा मला राग आला. नंतर मीच वरच्या साहेबांना चारची वेळ सांगायला लागलो.

सातवी_ब

@निवृत्त_केंद्रप्रमुख, साहेब, माफ करा, पण 'चारनंतर मिळेल' म्हणणाऱ्या बाईंना तुम्ही भेटलात हे त्यांचं नशीब. मी हेच एका विस्तार अधिकाऱ्यांना म्हणालो, तर तिसऱ्या दिवशी भेट, आणि शेरेबुकात "मुख्याध्यापकांचे कामकाज असमाधानकारक". तुम्ही खालच्या माणसाच्या हिमतीचं कौतुक करताय. मला वाटतं खरी हिंमत मधल्या माणसाची. तुम्ही वरचा धक्का स्वतःवर घेतलात म्हणून त्या बाई शिकवू शकल्या. किती केंद्रप्रमुख घेतात?

निवृत्त_केंद्रप्रमुख

खरं आहे. मीही प्रत्येक वेळी घेतला नाही.

भुदरगडचा_मास्तर

धागा रंगलाय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही. पण शाळेचंच म्हणून जे माहितीचं काम येतं ते अशैक्षणिक धरत नाहीत. सगळा पाऊस त्या खिंडीतून येतोय.

बाकी शिक्षकांत नेतृत्वगुण नाहीत असं कुणी म्हणू नये. शिक्षक बँकेची निवडणूक लागली की एकेका पॅनेलला चार-चार नेते असतात.

झणझणीत

@भुदरगडचा_मास्तर, आणि तिथं बीपी कुणालाच नसतो!

शाहूपुरीची_सून

मी पालक म्हणून लिहिते. आधी मुलगा जवळच्या इंग्लिश मीडियमला होता, वर्षाला ३८ हजार फी. तिथं प्रिन्सिपल मॅडम होत्या, इंग्लिश फाडफाड, पण तीन वर्षांत आमच्या पोराचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मग महापालिकेच्या शाळेत घातला. घरी सासऱ्यांनी आठ दिवस अबोला धरला. तिथले मुख्याध्यापक फाटकात उभे असतात. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "तुमचं पोरगं डबा खात नाही, दुसऱ्याला देतंय, भाजी बदला."

सरकारी शाळा म्हणजे नाइलाज असं समजणाऱ्यांनी जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी लागणारी रांग बघून यावं.

सातवी_ब

जरगनगरचं उदाहरण सगळेच देतात. पण तिथली पटसंख्या बघा, शिक्षकांची संख्या बघा. ९४ पटाच्या शाळेला ते माप लावू नका.

शाहूपुरीची_सून

माप लावत नाही हो. फाटकात उभं राहायला पट किती लागतो, एवढंच विचारते.

खडू_डस्टर

🙏 आऊट.

इतिहासाचा_किडा

थोडं अवांतर. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळचा १ रुपया! आज उलटं झालंय, पालक पोरं घालायला तयार आहेत आणि दंड शिक्षकाला.

दुसरं, बाईंच्या दोन शिक्षकी शाळेबद्दल. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. त्या आयोगानं शाळा संकुलाची शिफारस केली होती. आसपासच्या प्राथमिक शाळा एका हायस्कुलाभोवती बांधायच्या, साहित्य, ग्रंथालय, अनुभव एकमेकांत वाटून घ्यायचा. म्हणजे छोट्या शाळेचा शिक्षक एकटा पडू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तेच पुन्हा आलंय.

भुदरगडचा_मास्तर

@इतिहासाचा_किडा, संकुल कागदावर छान. प्रत्यक्षात 'समूह शाळा' म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. छोट्या शाळा बंद करून पोरं गाडीनं एका मोठ्या शाळेत आणायची, हे पानशेतचं उदाहरण २०२३ मध्ये पुढं आलं, तेव्हापासून वीसच्या आतल्या पटाच्या शाळा भीत भीत चालल्यात. नाईकसाहेबांनी शाळा जोडायच्या म्हटलं होतं, बंद करून गाडीत घालून न्यायच्या नव्हे. आमच्या वाडीतली पोरं पावसाळ्यात ओढा ओलांडून कुठं जाणार?

संस्थेचा_क्लार्क

अनुदानित हायस्कुलात वीस वर्षं क्लार्क आहे. आमच्याकडे उलटी गंमत. मुख्याध्यापकपदासाठी सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून दोन सर कोर्टात. अकरा वर्षं झाली. दोघंही रिटायर झाले, केस चालू आहे. कारण आमच्याकडे क्लार्क आहे, शिपाई आहे, मुख्याध्यापकाला केबिन आहे. प्राथमिकला एक क्लार्क द्या, दुसऱ्या दिवशी चार्जसाठी भांडणं लागतील.

डोंगरातली_बाई

+१००. तीन केंद्रांना मिळून एक दिला तरी चालेल.

पुण्यातला_कोल्हापूरकर

मगाशी जरा पुस्तकी बोललो, मान्य. पण डाटा एंट्रीचं काम गावातला एखादा शिकलेला पोरगा करू शकणार नाही का? समितीनं ठरवलं तर? मी स्वतः शनिवारी ऑनलाइन बसून मदत करायला तयार आहे.

निवृत्त_केंद्रप्रमुख

भावना चांगली, पण जपून. कित्येक शाळांचे लॉगिन आणि पासवर्ड गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे असतात, हे उघड गुपित आहे. पोरांचे आधार नंबर, आईबापाचे खाते नंबर, सगळं त्याच्या दुकानात. उद्या काही झालं तर सही मुख्याध्यापकाची.

सातवी_ब

साहेब, मग करायचं काय? शाळेला कॉम्प्युटर आहे, तो पुरात भिजलाय. मोबाईल शिक्षकाचा, रिचार्ज शिक्षकाचा, पासवर्ड मात्र शासनाचा.

डोंगरातली_बाई

धागाकर्त्याचा प्रश्न राहिला बाजूला. समितीनं काय करावं ते सांगते, मला जे हवं होतं आणि मिळालं नाही ते.

समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका, आणि मुख्याध्यापक सचिव. प्रत्यक्षात सचिव ठराव लिहितो आणि अध्यक्ष बांधावर सही करतो. तुम्ही वाचून सही करा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान बसतं. येतं कधी, तो भाग वेगळा. ते कशावर घालायचं हे आधी सगळ्यांनी बसून ठरवा. लाईट बिल, खडू, संडासाची सफाई यातच जातं, पण ठरवलेलं असलं की प्रभारी एकटा चोर ठरत नाही.

आणि कामाची वाटणी चार्ज द्यायच्या आधी लिहून घ्या. पोषण आहार एकाकडे, ऑनलाइन एकाकडे, बांधकाम आणि अनुदान समितीच्या माणसाबरोबर. तुमच्याकडे तिघं आहेत, ही चैन आहे हो!

नदीकाठचा_अध्यक्ष

सगळ्यांचे आभार. मधे उसाला पाणी होतं, म्हणून उशीर झाला. थोडं आमच्या सरांबद्दल सांगतो, कारण आता तेच डोक्यात आहे.

शिकवायला सर तसे मध्यमच. पोरांना मारायचे नाहीत, पण फार हसवायचेही नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात पाणी गावात शिरलं तेव्हा आम्ही जनावरं सोडवायच्या गडबडीत. सर शाळेत गेले, जनरल रजिस्टर युरियाच्या पिशवीत गुंडाळलं, वर सुतळी बांधली आणि ते पोटाशी धरून नावेत बसले. सगळे हसले, बायकापोरं सोडून सर वही वाचवालेत. पाणी ओसरल्यावर घरोघरचे कागद लगदा झाले होते. पुढं वर्षभर जन्मतारखेचा, जातीचा पुरावा म्हणून गावातली म्हातारी माणसं त्या रजिस्टरातला उतारा मागायला शाळेत येत होती. माझ्या वडिलांचाही त्यातच सापडला.

मी हे कधी त्यांना बोललो नाही. निरोप समारंभात बोलीन म्हणतो.

रंकाळ्यावरचा_वारा

काटा आला अंगावर. मगाचा १ जूनचा विनोद परत घेतो.

संस्थेचा_क्लार्क

नको घेऊ. त्या रजिस्टरात वडिलांचा वाढदिवसही १ जूनच असणार.

नदीकाठचा_अध्यक्ष

@संस्थेचा_क्लार्क, १ जूनच आहे 😀

भुदरगडचा_मास्तर

एक तांत्रिक मुद्दा. सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पदोन्नतीलाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागणार. जुने शिक्षक पन्नाशीत अभ्यासाला बसलेत. तेव्हा पद मंजूर असलेल्या मोठ्या शाळांतही आता प्रभारीच वाढणार. धागाकर्ते, तुम्ही काळाच्या पुढं आहात.

झणझणीत

अध्यक्ष, निकाल सांगा की. खुर्ची कुणाला?

नदीकाठचा_अध्यक्ष

सांगतो. काल चार्ज झाला.

सीनियर सरांनी लेखी नकार आणलावता. केंद्रप्रमुख म्हणाले, नकार चालत नाही, ज्येष्ठतेनं घ्यावाच लागेल. वीस मिनिटं नुसता पंखा फिरत होता. मग मॅडम म्हणाल्या, "सरांची संमती असेल तर मी घेते. पण सगळं मोजून घेणार." सीनियर सरांनी संमती लिहून दिली, अक्षर कधी नव्हे एवढं सुंदर.

आणि खरंच मोजलं. बाकं, सतरंज्या, ढोल, लेझमाच्या २६ जोड्या (यादीत ३०). शेवटी तांदूळ. शिक्षणसेवक पोरानं घरून ताणकाटा आणलावता, तो तुळईला अडकवला आणि एकेक पोतं लावलं. वहीत १८६ किलो, काट्यावर १७१. पंधरा किलो कमी. म्हणजे आमच्या पटाचं दीड दिवसाचं जेवण. सर खाली मान घालून उभे. म्हणाले, "पोतं पन्नासचं म्हणून येतं, भरतं अठ्ठेचाळीस. मी कुणाला बोललो नाही. उद्या घरातनं पंधरा किलो आणून टाकतो."

मी म्हणणार होतो, टाका, मिटवून टाका. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही आणलात तर पुढच्या वर्षी मलाही आणावा लागेल." आणि चार्ज यादीत १७१ लिहिलं, खाली कारण लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, केंद्रप्रमुखांनी केली, मी केली. पेन माझ्या हातात जरा थरथरत होतं, खोटं कशाला बोलू.

निवृत्त_केंद्रप्रमुख

पंधरा किलो कमी लिहिलेली चार्ज यादी मी नऊ वर्षांत एकही बघितली नाही. सगळ्यांचा तांदूळ ग्रॅमला जुळायचा.

डोंगरातली_बाई

मॅडमना माझा नमस्कार सांगा. आणि नोटीस आली तर समितीचा ठराव तयार ठेवा, त्यांना एकटं सोडू नका.

नदीकाठचा_अध्यक्ष

ठराव आजच घातला. मॅडमनी समितीकडं दुसरं काही मागितलं नाही, एवढंच: तांदळाची गाडी येईल त्या दिवशी दोन पालकांनी येऊन प्रत्येक पोतं काट्याला लावायचं आणि गाडीवाल्यासमोर वहीत सही करायची. जूनच्या गाडीला माझं आणि आमच्या मंडळींचं नाव आहे. ताणकाटा शाळेतच अडकवून ठेवलाय.

झणझणीत

डेड स्टॉक रजिस्टरला काटा चढवा आधी, नाहीतर पुढच्या चार्जला एक नग जास्त निघंल.